पाळी कुठलीही असो, रोजचं मनन कसं करावं

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. एक आठवडा पहिली पाळी, सकाळी सात ते दुपारी तीन. पुढचा आठवडा दुसरी, तीन ते रात्री अकरा. मग रात्रपाळी. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, बरीच तरुण पोरं अशीच शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला कामाला आहेत. उपासना सुटल्यावर ती हमखास विचारतात, "काका, रोज बायबलमधलं वचन वाचायचं खरं, पण बसायचं कधी? आणि बसून नेमकं करायचं काय?" त्यांना तोंडी जे सांगतो, तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वचन वाचून मनाला बरं वाटलं म्हणजे मनन झालं, असं नाही. वाचलेल्यातली एक तरी गोष्ट त्याच दिवशी हातापायांनी करायची, तेव्हा ते पुरं होतं. योहान ७:१७ मध्ये प्रभू म्हणतो, देवाच्या इच्छेप्रमाणे वागायची ज्याची तयारी आहे, त्याला ही शिकवण देवाकडची आहे की नाही ते समजेल. यातला क्रम बघा. तयारी आधी, समजणं नंतर. आपण बहुतेक जण उलटं धरून बसतो: विश्वास पक्का होऊ दे, मग आज्ञा पाळायचं बघू. तसा तो वर्षानुवर्षं पक्का होत नाही. लहानशी आज्ञा पाळली, त्यात देव खरा ठरला, की पुढच्या आज्ञेला पाय उचलतो. विश्वास वाढायचा दुसरा रस्ता मला तरी शास्त्रात सापडलेला नाही.

कधी बसायचं

मार्क १:३५ सगळ्यांना माहीत असतं. प्रभू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्यावरून पहाटे चारला उठणाराच खरा भक्त, असं काही जण पोरांच्या मनावर बिंबवतात. पण स्तोत्र ६३:६ मध्ये दावीद अंथरुणावर पडल्या पडल्या देवाचं चिंतन करतो, आणि ११९:१४८ मध्ये भक्त रात्रीच्या प्रहरांत जागून वचनाचं मनन करतो. शास्त्रानं एक वेळ ठरवून दिलेली नाही. म्हणून माझा सल्ला असा की मनन पाळीला बांधा, घड्याळाला नको. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी सव्वापाचला उठतो आणि चहा व्हायच्या आत बसतो. दुसऱ्या पाळीत मुलं शाळेला गेल्यावर बसतो. रात्रपाळीत घरी आल्यावर आंघोळ करून, झोपायच्या आधी दहा-बारा वचनं वाचतो, जास्त नाही.

रात्रपाळीवाल्यांनी तर लूक ५ पाठच करावा. प्रभूचा शिष्य झालेला पेत्र कोळी होता. तो रात्रभर राबलाय, हाती काही लागलेलं नाही, जाळी धुऊन झालीत, म्हणजे पाळी सुटलेली आहे. आणि आत्ता प्रभू म्हणतो, खोल पाण्यात ने, जाळी टाक. पेत्र आपला थकवा लपवत नाही. रात्रभर कष्ट केले, काही मिळालं नाही, हे स्पष्ट सांगतो, आणि मग म्हणतो, तरी तुमच्या शब्दावरून टाकतो. मन ताजंतवानं होईपर्यंत तो थांबला असता तर त्या दिवशी जाळी वाळतच पडली असती. डोळे मिटायला लागलेत, अंगाला अजून भट्टीची धग आहे, तरी दहा वचनं वाचणं हे "तुमच्या शब्दावरून" मध्येच येतं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबलचं ॲप चांगलं आहे, मीही बसमध्ये वापरतो, पण मननाला छापील पुस्तकच घ्या. आमचं कोल्हापूरच्या कसबा बावड्यात दोन खोल्यांचं घर, त्यात टीव्ही, शेजारी दोन्ही बाजूला. एकांत म्हणजे गच्ची, पाऊस असला तर जिन्याची वरची पायरी. तेवढं पुरतं.

काय वाचायचं

एक पुस्तक घ्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा. नवख्यानं मार्कपासून सुरू करावं. सोळा अध्याय आहेत, रोज अर्धा अध्याय घेतला तर महिन्याभरात होतो. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रावर जे एक वचन येतं, त्यावर दिवस काढू नका. वचन खरंच असतं, पण त्याच्या आजूबाजूचं सगळं कापलेलं असतं, आणि आज्ञा बहुतेक वेळा त्या कापलेल्या भागात असते.

यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला चांगला शेवट आणि आशा देणारे आहेत, या अर्थाचं ते वचन. पेपरच्या निकालाच्या दिवशी, लग्नाच्या पत्रिकेवर, नव्या दुकानाच्या भिंतीवर, सगळीकडे असतं. आता अख्खा अध्याय वाचा. हे एक पत्र आहे. यिर्मयानं यरुशलेमहून पाठवलेलं, आणि ज्यांना बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं बाबेलला धरून नेलं त्या लोकांना लिहिलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक खोटा संदेष्टा लोकांना सांगून गेलाय की दोन वर्षांत सगळं सुरळीत होईल. यिर्मया दहाव्या वचनात सांगतो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण ते परत जाणं बघायला जिवंत राहणार नव्हते. अकरावं वचन त्यांना उद्देशून आहे.

मग या सत्तर वर्षांत करायचं काय? ते पाच ते सात वचनांत आहे: घरं बांधा, मळे लावा, पोराबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलंय त्या नगराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्या शहरानं त्यांना लुटून आणलं त्याच शहरासाठी! मी हे सलग वाचलं त्या सकाळी माझ्या वहीत दोन ओळी आल्या. एक, कोल्हापूरसाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करायची, नुसतं "आमच्या देशाला आशीर्वाद दे" एवढ्यावर सोडायचं नाही. दुसरी, आमच्या कोपऱ्यावरच्या गटारीचं झाकण फुटलंय, शाळेची पोरं तिथूनच जातात, त्याची तक्रार आज नोंदवायची आणि झाकण बसेपर्यंत तिथं बॅरल उभं करायचं. फुलाच्या चित्रातून मला हे बॅरल कधीच मिळालं नसतं.

भाषांतर कुठलं, असंही विचारतात. मंडळीत जे वाचतात तेच ठेवा, म्हणजे उपदेश ऐकताना गोंधळ होत नाही. एखादा अध्याय जड गेला तर सोप्या मराठीतली प्रत शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं एवढ्याचसाठी. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी त्या कामाला दिली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. रोज थोडं थोडं, फळ डोळ्यांनी बघायला मिळेल की नाही याची खात्री नसताना. आज्ञापालन म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगतो.

आणि मोठ्यानं वाचा. डोळे ओळी गाळतात, तोंडाला गाळता येत नाहीत.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. वाचून झाल्यावर तीन गोष्टी स्वतःला विचारायच्या. इथं देव काय करतोय? मी काय करावं असं तो सांगतोय? ते आज, कुणाच्या बाबतीत? पहिला प्रश्न कधी सोडू नका. तो सोडला की मनन म्हणजे नुसती कामांची यादी होते, आणि माणूस महिन्याभरात दमून सोडून देतो. देव कसा आहे हे आधी दिसलं तर आज्ञा ओझं वाटत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकाच ओळीत लिहायचं, आणि त्या ओळीत माणूस, वेळ आणि जागा पाहिजे. "मी अधिक प्रेम करीन" ही ओळ खोडून टाका. रात्री ती तपासता येत नाही. "दुपारच्या जेवणाला त्या नव्या पोराशेजारी बसेन, तो एकटाच बसतो", ही ओळ तपासता येते.

लेवीय १९:१३ वाचलं त्या दिवसाचं उदाहरण देतो. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस, असं तिथं आहे. कंत्राटी पोरांच्या ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्यांवर शनिवारी एकदम सह्या करायची आमच्याकडं पद्धत होती. पैसे काही माझ्या खिशातून जात नाहीत, पण चिठ्ठी माझ्या टेबलावर अडली की अकाउंटला उशिरा पोचते, आणि तिकडं एखाद्याचा गॅस सिलिंडर थांबतो. त्या दिवसापासून पाळी सुटायच्या आत सह्या करतो. वरच्या साहेबांना सांगितलं, त्यांची हरकत नव्हती. आता बाकीच्या दोन्ही पाळ्यांत तसंच चालतं.

ही ओळ आजच का, उद्या का नको? आमच्या कामातून सांगतो. एसजी आयर्नच्या (एका जातीच्या बिडाच्या) वितळलेल्या रसात मॅग्नेशियमची ट्रीटमेंट केली की लॅडल, म्हणजे रसाचं भांडं, घेऊन थांबता येत नाही. काही मिनिटांतच त्याचा गुण उतरायला लागतो. रस लालभडक दिसतो, वाहतोही, पण उशिरा ओतलेला कास्टिंग टेस्टला टिकत नाही. सकाळी काळजाला लागलेल्या वचनाचं तसंच आहे. संध्याकाळी ते आठवतं, चारचौघांत सांगताही येतं, पण करायचा जोर गेलेला असतो.

सगळ्यांत अवघड ओळ समेटाची. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाशी समेट कर, असं आहे. आमच्या भागात भावाभावांत बांधावरून बोलणं बंद असतं, उसाच्या दोन सऱ्या इकडं की तिकडं, आणि दोघंही रविवारी वेगवेगळ्या बाकांवर बसून एकच गीत गातात. अशा माणसानं हे वचन वाचलं तर वहीत "क्षमा करीन" लिहून भागत नाही. "आज जेवणानंतर दादाला फोन लावीन, बांधाचा विषय काढणार नाही, वहिनीच्या गुडघ्याची चौकशी करीन", असं लिहा. पहिल्या फोनला एवढंच. तो फोन उचलणार नाही कदाचित. उचलणं तुमच्या आज्ञेत नाही, लावणं आहे.

भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचं

बावड्यात राहणाऱ्याला हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. राजाराम बंधारा आमच्याच इथं. पंचगंगेची पातळी तिथं मोजतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की सगळी गल्ली फोनवर आकडे बघत बसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद पडला, कारखाना पलीकडं आणि आम्ही अलीकडं. त्या दिवसांत मी दोन तऱ्हेचे विश्वासू लोक बघितले. एक म्हणायचे, देव राखील, घर सोडायची गरज नाही. दुसरे सामान माळ्यावर चढवून, म्हाताऱ्यांना आधीच पाहुण्यांकडं पोचवून मग प्रार्थना करायचे. पहिल्यांचा विश्वास मोठा, असं तेव्हा काहींना वाटलं.

इब्री ११:७ वाचा. नोहाला, अजून न दिसलेल्या गोष्टींची सूचना मिळाली, त्यानं आदर बाळगून तारू बांधलं, आणि हे सगळं "विश्वासाने" केलं, असं तिथं म्हटलंय. त्याचा भरवसा लाकूड कापण्यात आणि डांबर लावण्यात दिसला. इशारा ऐकून हात हलवणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे.

मग यहोशवा ३ चं काय, असं एका पोरानं मला विचारलं, आणि प्रश्न चांगला होता. इस्राएल लोकांना यार्देन नदी ओलांडायची होती. कापणीच्या दिवसांत ती दुथडी भरून वाहत होती, आणि याजकांचे पाय पाण्यात बुडाल्यावरच पाणी थांबलं. आधी थांबलं नाही. या अध्यायावर मी पुष्कळ मनन केलंय. पण त्या याजकांना देवाची स्पष्ट आज्ञा होती, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, खांद्यावर होता, आणि सगळं राष्ट्र मागे उभं होतं. आपल्याला पंचगंगेत पाय घालायची आज्ञा कुणी दिलेली नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानानं म्हटलं तेव्हा त्याच्या तोंडी शास्त्रवचनच होतं. प्रभूनं उत्तर दिलं, देवाची परीक्षा पाहू नकोस (मत्तय ४:७). म्हणून माझी कसोटी अशी: देवानं जे सांगितलंय ते भीती असूनही करायचं, आणि जे सांगितलेलं नाही ते त्याच्या नावावर खपवायचं नाही.

आजारपणालाही हेच लागू आहे. यहूदाचा राजा हिज्कीया मरणाला टेकला होता. देवानं त्याला बरं करायचं वचन दिलं, पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि त्यानंतर यशया संदेष्ट्यानं गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला (२ राजे २०). वचनही आणि लेपही. आपल्याकडं वचन सांगायला आलेल्या मिशनऱ्यांनीच दवाखाने काढले. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये काढलेला दवाखाना सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. बीपीची गोळी बंद करून कुणी विश्वास दाखवायला जाऊ नये. गोळी घ्यायची आणि हात जोडायचे.

आणि घरात पाणी शिरलंच तर? शिरतं. विश्वासणाऱ्याच्या घरातही शिरतं. त्या वेळी स्तोत्र ६९ काढा. पाणी माझ्या गळ्याशी आलंय, मी खोल चिखलात रुतलोय, असा दावीद ओरडतोय. गाळ काढताना आम्ही हेच मोठ्यानं वाचलं होतं. देवापुढं तक्रार करायला शास्त्रात मज्जाव नाही. मग हबक्कूक ३:१७-१८ वाचा: अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. तो "तरी" म्हणायला मला वेळ लागतो, आणि लागू द्यावा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. देवानं ते तसंच शास्त्रात ठेवलंय. तुमचं मन त्या जागी असेल त्या दिवशी वहीत फक्त "प्रभू, मी आलोय" एवढं लिहा आणि उठा.

आणखी थोडं

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं वाचू नका. रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेलं अन्न, मान्ना, रोजचा रोज मिळायचा, साठवलेल्यात किडे पडले (निर्गम १६). आजचं उघडा.

बायबल डोळे मिटून कुठंही उघडायचं, बोट ठेवायचं आणि त्यावर जमिनीचा नाहीतर लग्नाचा निर्णय घ्यायचा, ही सवय पूर्ण सोडा. "देवाने मला सांगितलं" हे वाक्य जपून वापरा. कर्ज, स्थळ, नोकरी सोडणं असे विषय असतील तर जे वाटतंय ते आपल्या पाळकांना आणि मंडळीतल्या एखाद्या पोक्त माणसाला सांगा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर ऐकायची तयारी ठेवून सांगा.

घरात रात्रीची कौटुंबिक उपासना दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. आमच्याकडं धाकटी वाचते, आई एक गीत म्हणते. बहुतेक वेळा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं, कारण त्यांची पदं अभंगाच्या चालीत आहेत आणि म्हाताऱ्या माणसाला ती न बघता येतात. मग सगळे एकेक वाक्याची प्रार्थना करतो. मुलांनी अवघड विचारलं तर लगेच गुळगुळीत उत्तर देऊ नका. उत्पत्ती २२, म्हणजे अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला नेतो तो अध्याय, वाचल्यावर धाकटीनं विचारलं, "पप्पा, इसहाकाला किती भीती वाटली असेल?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "मग आपण त्याच्यासाठी पण थांबूया ना जरा." आम्ही त्या रात्री पुढं वाचलंच नाही.

शनिवारी वही उलटून आठवड्याच्या ओळी बघा. झालेल्यापुढं टिक करा, राहिलेली एकच ओळ पुढच्या आठवड्यात न्या, सगळ्या नको. मार्क संपला की स्तोत्र ११९ घ्या. त्यात १७६ वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे बावीस भाग, म्हणजे रोज एक भाग घेतला तर बावीस दिवस. त्यानंतर यहोशवा, मग याकोबाचं पत्र. रात्रपाळीचा आठवडा आला की त्या आठवड्यापुरतं स्तोत्रांवर या आणि पाळी बदलली की जिथं सोडलं होतं तिथून धरा. खूण म्हणून पानात जुनी गेटपास ठेवली तरी चालते.